अनुक्रमणिका हवीच: एक प्रतिवाद

वेबसाइटवरच्या लांबलचक पानाला मथळ्यांची अनुक्रमणिका आपोआप जोडली जावी, ही सूचना कुठेही मांडली की ठरावीक उत्तरे येतात. शोधायला सर्च आहे, मग यादी कशाला? मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर ती फुकट जागा अडवते. यंत्राने जमवलेली यादी बेढब दिसते. पान इतके लांब असणे हाच मूळ दोष, तेव्हा त्याचे तुकडे करा. आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता दोन ओळींत सारांश हातात ठेवते, अनुक्रमणिका बघतो कोण? या पाचही आक्षेपांत थोडेफार तथ्य आहे, त्यामुळे ते हसण्यावारी नेता येत नाहीत. पण पाचांच्याही मुळाशी एकच समजूत आहे: वाचणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे ते आधीपासून ठाऊक असते. खरेदी-विक्रीच्या पानांबाबत ती कदाचित चालून जाईल. नियम, ठराव, आराखडे आणि शासन निर्णय यांच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे. ती किती चुकीची आहे हे पाहायला नवी मुंबईतल्या दिघ्याइतके बोलके ठिकाण नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्याने कळव्याकडून नवी मुंबईत शिरताना सुरुवातीलाच दिघा लागतो. महापालिकेच्या आठ विभागांपैकी हा एक. १२ जानेवारी २०२४ पासून ट्रान्स-हार्बर मार्गावर ‘दिघा गाव’ हे स्वतंत्र स्थानकही सुरू झाले आहे. या भागाची खरी गुंतागुंत मात्र जमिनीच्या मालकीत आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीचे औद्योगिक क्षेत्र, १९७० साली जन्मलेल्या सिडकोकडची जमीन आणि १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेल्या महापालिकेची हद्द, हे सारे इथे एकमेकांना खेटून आहे. जमिनीची मालक संस्था एक आणि घरपट्टीचे बिल धाडणारी दुसरी, असे इथे सहज घडू शकते. २०१५ मध्ये दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनीवर परवानगीविना उठलेल्या या इमारतींवर कारवाईचे आदेश झाले, काही पाडल्या गेल्या आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या हजारो माणसांची झोप उडाली. पुढे २०१७ मध्ये राज्याने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम ५२-क घातले आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची, अटींत बसणारी बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची वाट काढली.

अनुक्रमणिका असती तर या इमारती उभ्याच राहिल्या नसत्या, असा भाबडा दावा इथे करायचा नाही. बेकायदा बांधकामामागे पैसा असतो, राजकीय आशीर्वाद असतो, परवडणाऱ्या घरांचा दुष्काळ असतो आणि अधिकाऱ्यांची डोळेझाक असते. मथळ्यांच्या यादीने यातले काहीच हटत नाही. मुद्दा त्याहून मर्यादित आहे. अशा ठिकाणी घर घेऊ पाहणाऱ्या माणसापुढे तीन प्रश्न असतात: जमीन कोणाची, तिथे कोणते नियम लागू, आणि परवानगी देण्याचा अधिकार कोणाला. यांची उत्तरे कायद्यात आणि नियमावल्यांत लिहिलेली आहेत. पण ती ज्या कागदपत्रांत आहेत ती शेकडो पानांची आहेत, आणि या माणसाला त्यांपैकी नेमके कोणते पान आपल्या कामाचे, हेच माहीत नसते. माहिती दडवली तर तक्रार करता येते. माहिती उघड्यावर ठेवूनही ती सापडणार नाही अशी व्यवस्था झाली तर तक्रार कशाची करायची, हेही कळत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बांधकाम व्यवसायात सगळे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिची १५ प्रकरणे आहेत. पार्किंग आठव्यात, विशिष्ट शहरांसाठीच्या तरतुदी दहाव्यात, इमारतीच्या संरचनात्मक सुरक्षेची बाब बाराव्यात. समजा, दिघ्यातल्या एका सोसायटीच्या सचिवाला पार्किंगचा नियम हवा आहे. तो सर्चमध्ये ‘पार्किंग’ टाकतो, थेट आठव्या प्रकरणात पोचतो, तक्ता पाहतो, सभेत मांडतो. सगळे बिनचूक. फक्त एवढेच, की ही नियमावली एमआयडीसीच्या क्षेत्राला लागूच नाही. एमआयडीसीची विकास नियंत्रण नियमावली वेगळी आहे. ही गोष्ट यूडीसीपीआरमध्ये लिहिलेली आहे, पण पहिल्याच प्रकरणात, नियमावली कुठे लागू आणि कुठे नाही हे सांगताना. सर्चने सचिवाला त्या ओळीवरून उडी मारून पुढे नेले. तेच प्रकरणांची यादी पानाच्या कडेला उभी असती आणि तिच्या डोक्यावर ‘कोणत्या क्षेत्रांस लागू’ हा मथळा असता, तर पार्किंगकडे जाता जाता त्याची नजर तिथे अडखळली असती. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सर्च देतो. जो प्रश्न विचारायला हवा हेच ठाऊक नव्हते, तो पुढे आणण्याचे काम यादी करते. कायद्याच्या कागदात नागरिकाचे नुकसान बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीच्या प्रश्नाने होते. अट, अपवाद, मुदत आणि लागू क्षेत्र या चार गोष्टी कोणी आपणहून शोधत नाही, आणि फसगत नेमकी त्यांच्यापाशीच होते.

शिवाय सर्चवर भरवसा ठेवणारे लोक मनात इंग्रजी मजकूर धरून बोलत असतात. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की त्याचे रूप पालटते. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याची जोडणी’ सापडत नाही, ‘रस्ता’ शोधणाऱ्याच्या हातून ‘रस्त्यालगतचे बांधकाम’ निसटते, ‘झोपडी’ टाकली तर ‘झोपड्यांचे पुनर्वसन’ वगळले जाते. ब्राउझरमधली शोधपेटी अक्षराला अक्षर जुळवून पाहते, तिला सामान्यरूपाचे व्याकरण येत नाही. त्यात एकाच गोष्टीला एका परिपत्रकात ‘अनधिकृत’, दुसऱ्यात ‘अवैध’ आणि तिसऱ्यात ‘विनापरवाना’ म्हटलेले असते. कलमांचे आकडे कुठे देवनागरी, कुठे रोमन. त्याहून वाईट दशा जुन्या कागदांची. युनिकोड रुळण्याआधी ज्या फाँटमध्ये मराठी टंकलेखन चाले, त्या फाँटमधल्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आतून ती भलत्याच चिन्हांची रांग असते. त्यात मराठी शब्द टाकून काहीही सापडत नाही. कागद स्कॅन करून चढवलेला असेल तर यंत्राच्या लेखी ते नुसते छायाचित्र. म्हणजे जिथे सर्च पुरेसा आहे असे सांगितले जाते, नेमका तिथेच तो लंगडा पडतो. अशा मजकुरात वाचकाच्या हाती उरते ते फक्त बोटाने पान वर सरकवत राहणे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ही केवळ सोयीची बाब असती तर तिच्यासाठी एवढे भांडण्याचे कारण नव्हते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधले कलम ४(१)(क) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधन घालते: आपले सर्व अभिलेख रीतसर सूचिबद्ध करून, त्यांची निर्देशसूची बनवून, माहितीचा अधिकार सुकर होईल अशा रीतीने ठेवा. त्याच कलमाचा चौथा भाग सांगतो की माहिती देताना स्थानिक भाषा आणि पोचवण्याची सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्या. हे कलम साऱ्यांना आठवते ते ‘१७ बाबीं’पुरते. प्रत्येक कार्यालय त्या १७ बाबींची पुस्तिका तयार करते, वेबसाइटवर चढवते आणि हात झटकते. पण सूचीचे बंधन त्या पुस्तिकेच्याही आधी, कलमाच्या पहिल्याच खंडात घातलेले आहे. कायदा करणाऱ्यांना २००५ साली फायली आणि कपाटे दिसत होती, वेबपान दिसत नव्हते, असे कोणी म्हणेल. पण त्याच खंडात अभिलेख संगणकावर आणून ते जाळ्याने जोडण्याची गोष्टही लिहिलेली आहे. तेव्हा फायलींच्या गठ्ठ्याला सूची लागते आणि त्याच फायली एका लांब पानावर ओतल्या की लागत नाही, हे म्हणणे कायद्याच्या हेतूशी जुळत नाही.

इथे एक विसंगती तर मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. सामान्य माणसाने आपले गाऱ्हाणे १५० शब्दांत नेमके मांडावे, असा शिस्तीचा आग्रह धरणारी यंत्रणा स्वतः मात्र शेकडो पानांचा मजकूर एकसलग सोडून देऊ शकते, आणि त्याला साधी यादी जोडण्याचे बंधन तिला जाचक वाटते. १५० शब्दांत अर्ज लिहायचा तर कलम, परिच्छेद आणि दिनांक अचूक सांगता यायला हवा. तो सांगण्याचे साधन मागणे हा हट्ट कसा ठरतो?

मुदतीचा प्रश्न तर याहून निकडीचा. नवी मुंबई महापालिकेने आपला पहिला प्रारूप विकास आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे स्थापनेनंतर तीस वर्षांनी. असा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांची मुदत दिवसांत मोजली जाते. प्रशासनाला घडवायला दशके लागली, ते नागरिकाने नोकरी-धंदा सांभाळून काही दिवसांत वाचायचे आणि आपल्या गल्लीवर कोणते आरक्षण पडले ते हुडकायचे. या दिवसांतला प्रत्येक तास मजकूर समजून घेण्यात जायला हवा, मजकूर हुडकण्यात नव्हे. दिघ्यासाठीची तरतूद कोणत्या विभागात, नकाशाचे पत्रक कोणते, आरक्षणांचा तक्ता कुठे, हे वरच्या यादीत दिसले तर हरकत वेळेत पडते. नाही दिसले तर मुदत टळून जाते आणि नंतर ‘तुम्ही तेव्हाच का बोलला नाही’ हे ऐकावे लागते.

अनुक्रमणिका दिली की माणसे सबंध वाचत नाहीत, हवे तेवढे टिपून पळतात, असाही एक सूर असतो. मराठी ग्रंथव्यवहाराने हा प्रश्न फार पूर्वी निकालात काढला आहे. गुरुचरित्राच्या पोथीत शेवटी अवतरणिकेचा अध्याय येतो. कोणत्या अध्यायात कोणती कथा, हे त्यात ओळीने सांगितलेले असते. सप्ताह करणारे संपूर्ण पोथी वाचतातच, अवतरणिकेमुळे पारायण बुडाले असे कोणी म्हणत नाही. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकी दहा समास, प्रत्येक समासाला विषयाचे नाव. आणि या ग्रंथात काय आहे याचा आढावा पहिल्याच समासात. एवढ्या मोठ्या ग्रंथातला हवा तो समास साध्या वाचकाला क्षणात काढता येतो, तो या रचनेमुळे. पुढच्या काळात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली. तिच्यामुळे पुस्तके कमी वाचली गेली नाहीत, उलट विस्मरणात गेलेली वर आली. आणि हे केवळ आपल्याकडचे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ‘निसर्गेतिहासा’चा सबंध पहिला भाग विषयांच्या यादीला दिला आणि अर्पणपत्रिकेत सम्राटपुत्र टायटसला कारणही सांगितले: ज्याला जे हवे ते त्याने तेवढेच पाहावे. सम्राटाच्या मुलाचा वेळ मोलाचा होता हे प्लिनीने मान्य केले. रिक्षा चालवून किंवा पाळीतली नोकरी करून आलेल्या दिघेकराचा वेळ तितकाच मोलाचा आहे, एवढे मान्य करायला आपल्याला दोन हजार वर्षांनंतरही जड जाऊ नये.

मोबाईलच्या पडद्याचा आक्षेप तांत्रिक आहे आणि त्याचे उत्तरही तांत्रिक आहे. अनुक्रमणिका कायम उघडी पसरलेली असावी असा कोणाचाच हट्ट नाही. मोबाईलवर ती एका ओळीत मिटलेली ठेवता येते. बोट लावले की उघडते, मथळा निवडला की मिटते. संगणकाच्या रुंद पडद्यावर ती डाव्या कडेला स्थिर राहू शकते. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या नव्या मांडणीत ती तशीच ठेवली. किती लांबीच्या पानाला ती लागते, याचाही अंदाज अनुभवाने बसलेला आहे: विकिपीडियाच्या मूळच्या रचनेत पानावर चारपेक्षा कमी मथळे असतील तर यादी आपोआप येतच नाही. म्हणजे दोन परिच्छेदांच्या सूचनेवर यादीचे ओझे पडेल ही भीती निराधार आहे. उलट मोबाईलवरच तिची गरज जास्त, कारण संगणकाच्या पडद्यावर जे एका नजरेत मावते ते मोबाईलवर वीस-पंचवीस वेळा बोट सरकवून पाहावे लागते, आणि दिघ्यासारख्या वस्तीत बहुतेकांचा संगणक म्हणजे खिशातला फोनच.

ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांचाही विचार करावा लागेल. अंध वाचक स्क्रीन रीडरच्या साह्याने पान ऐकतात. एनव्हीडीए किंवा जॉजसारख्या प्रणालीत एक कळ दाबली की वाचन पुढच्या मथळ्यावर जाते. यावर कोणी म्हणेल, मग त्यांना वेगळ्या यादीची गरजच काय? गरज अशी की हे सारे चालते ते मथळा हा खरोखर मथळा म्हणून नोंदवलेला असेल तरच. ओळ नुसती ठळक आणि मोठी केली तर डोळ्यांना मथळा दिसतो, यंत्राला साधे वाक्यच ऐकू येते. आपोआप बनणारी अनुक्रमणिका त्याच खऱ्या मथळ्यांवर उभी असते. ते नसतील तर यादी रिकामी निघते आणि कार्यालयाची चूक चारचौघांत उघडी पडते. दिसणाऱ्यांसाठी केलेली सोय अशी न दिसणाऱ्यांच्या हक्काची राखण करते. हा हक्कच आहे, दया नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारस म्हणून ठेवणे चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे बजावले. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोच हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला.

यंत्राची यादी बेढब असते, या आक्षेपातले तथ्य आता पाहू. ते आहे, आणि मराठीत जरा जास्तच आहे. यंत्र पानावरचे मथळे गोळा करते, प्रत्येकाला एक खूण देते आणि यादीतली ओळ त्या खुणेला जोडते. खूण बनवताना अनेक प्रणाली ‘अक्षर’ नसलेले सारे गाळून टाकतात, आणि त्यांच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरे नव्हेत. परिणामी ‘दिघा’ची खूण होते ‘दघ’ आणि ‘पाणीपट्टी’ची ‘पणपटट’. ‘सूची’ आणि ‘साचा’ हे दोन मथळे एकाच पानावर असतील तर दोघांची खूण ‘सच’ होते, आणि पुढची काळजी यंत्राने घेतली नसेल तर दुसऱ्यावर बोट लावले तरी वाचक पहिल्यापाशी जाऊन पडतो. मात्रा टिकवल्या तर दुसरी अडचण: लिंकमध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह नऊ रोमन खुणांत फुटते, म्हणून चार चिन्हांचा ‘दिघा’ व्हॉट्सॲपवर पाठवताना छत्तीस खुणांचे शेपूट होतो. हे दोष खरे आहेत. पण ते अनुक्रमणिकेच्या कल्पनेतले नाहीत, मराठीचा विचार न करता लिहिलेल्या प्रणालींतले आहेत, आणि त्यांचा उपाय सोपा आहे: खूण मथळ्याच्या शब्दांतून न बनवता कलमाच्या क्रमांकातून बनवावी. आणि हाताने केलेली यादी अधिक सुबक असते हे कबूल केले, तरी ती पहिल्या दुरुस्तीपर्यंतच खरी राहते. नियमावलीत शुद्धिपत्रक आले, एक कलम वाढले, पाने सरकली, की सुबक यादी चुकीच्या जागी बोट दाखवू लागते. आपल्याकडे नियम ज्या गतीने बदलतात ती पाहता, थोडी बेढब पण बरोबर यादीच परवडते.

पान तोडा, हा सल्ला बातम्या आणि लेखांसाठी ठीक आहे. कायदा, ठराव किंवा शासन निर्णय मात्र अखंडच असावा लागतो. त्याची छापील प्रत काढतात, ती अर्जाला जोडतात, न्यायालयात दाखल करतात. वीस तुकड्यांत विखुरलेल्या नियमावलीतला एक तुकडा निसटला तर अर्थच बदलतो. शिवाय तुकडे केल्यावर ते तुकडे कोठे आहेत हे सांगायला पुन्हा यादी लागतेच; म्हणजे हा सल्ला अनुक्रमणिकेला पर्याय नसून तिची गरज वेगळ्या शब्दांत मान्य करणे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सारांशाबद्दल एवढेच म्हणता येईल की तो ऐकीव माहितीसारखा वापरावा. सारांश म्हणजे निवड, आणि निवडताना गळतात ते बहुधा अपवाद आणि अटी. ‘२०१५ पर्यंतची बांधकामे नियमित होतात’ हा सारांश चुकीचा म्हणता येणार नाही. पण कोणत्या जमिनीवरची, कोणत्या अटींवर, किती शुल्क भरून, हे त्यातून गेले की त्या एका वाक्यावर विसंबून एखादे कुटुंब लाखो रुपये गमावू शकते. आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाला किंवा न्यायाधीशाला सारांश दाखवून भागत नाही. कलमाचा क्रमांक आणि मूळ शब्द दाखवावे लागतात. अनुक्रमणिका वाचकाला थेट मूळ शब्दांपाशी नेते आणि तिथला पत्ता हातात देते. सारांश वाचून झाल्यावर तो खरा की खोटा हे तपासायलाही त्याच पत्त्याची गरज पडते.

खर्चाचे कारण तर पुढे करूच नये. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये मथळ्यांना मथळ्याची शैली लावली की अनुक्रमणिका आपोआप बनते, आणि पीडीएफ काढताना तीच कडेच्या यादीत उतरवता येते. वेबपानासाठी लागणारा कोड मोजक्या ओळींचा आहे. आपल्या शासन निर्णयांना तर आधीपासूनच ठरलेला सांगाडा आहे: आधी ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’, मग ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’; शेवटी वेबसाइटवर तो शोधण्यासाठीचा संगणक संकेतांक. एवढी शिस्त ज्या लेखनात मुरलेली आहे, त्यात मथळा ठळक करण्याऐवजी मथळा म्हणून नोंदवायला वेगळे अनुदान लागत नाही, टंकलेखकाला एकदा दाखवून देणे लागते.

म्हणून मागणी साधी आणि मोजकी आहे. नवी मुंबई महापालिका, सिडको आणि एमआयडीसी यांनी चार किंवा अधिक मथळे असलेल्या प्रत्येक पानावर आणि प्रत्येक नियमावलीवर आपोआप बनणारी मराठी अनुक्रमणिका द्यावी. पहिली ओळ नेहमी ‘हे कोणत्या क्षेत्रास लागू’ हीच असावी. खुणा कलमाच्या क्रमांकावरून द्याव्यात. जुन्या फाँटमधले आणि स्कॅन केलेले कागद टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये आणावेत. हे होत नसेल तर दिघ्यातल्या सोसायट्यांनी, नागरिक संघांनी माहितीच्या अर्जात एकच विषय घ्यावा: कलम ४(१)(क) प्रमाणे आपल्या कार्यालयाने वेबसाइटवरील अभिलेखांची सूची कधी केली, आणि केली नसेल तर कधी करणार. हा प्रश्न १५० शब्दांत सहज बसतो.